कपडा बसत नाही, त्यात अंगाचा काय दोष?

प्रति,
तयार कपडे विकणाऱ्या कंपन्यांचे संचालक, त्यांचे जाहिरात आणि कॅटलॉग विभाग, आणि त्यांच्यासाठी शूट करणाऱ्या एजन्सी

स.न.वि.वि.

शूट संपल्यावर फोटो साफ करणाऱ्याच्या हातात तुमच्याकडून एक कागद येतो. पार्श्वभूमी कोणत्या छटेची हवी, फाइल केवढी हवी, कपड्याचा रंग कोणत्या नमुन्याशी जुळवायचा, हे सगळं त्यात नीट लिहिलेलं असतं. आणि तळाशी एक मोघम ओळ असते: ‘बॉडी क्लीनअप’. काय साफ करायचं याचा खुलासा नसतो. तो लागतच नाही. काखेजवळची घडी, पोटाची वळी, मांडीवरचे स्ट्रेच मार्क्स, दंडाचा घेर, कोपराचा काळेपणा हे सगळं ‘घाण’ या सदरात मोडतं, हे या धंद्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. ती काढून टाका, एवढंच मागणं. बाकीचं लिखाण म्हणजे ती का काढायची आणि तिच्या जागी काय लिहायचं याचा तपशील. आजवर हे आपापसात बोलून झालं. आता जाहीर लिहावं लागतंय, कारण तुमच्यातल्या काहींनी पुढची पायरी गाठली आहे: अंग साफ करत बसण्यापेक्षा अंगच नको, संगणकानं बनवलेलं चालेल.

लिहिणारे आम्ही म्हणजे पॅटर्न (कापड कापायचा कागदी साचा) काढणारे, शिवणारे, शूटवर कपडा मॉडेलच्या अंगावर चढवणारे, फोटो काढणारे आणि मग त्या फोटोवरून हात फिरवणारे. थोडक्यात, ज्याची तक्रार करतोय त्यात आमचेही हात बरबटलेले आहेत. म्हणूनच कुठे काय होतं ते आम्हाला नेमकं सांगता येईल.

मराठीत आपण म्हणतो, ‘हा कपडा मला बसत नाही.’ या वाक्यातला कर्ता कपडा आहे. बसायचं काम त्याचं, आणि जमलं नाही तर नापास तोच. पण तुमचा फोटो पाहून कपडा मागवणारी बाई आरशासमोर उभी राहते, तेव्हा हे वाक्य तिच्या तोंडून येत नाही. ती म्हणते, ‘माझं पोट सुटलंय’, ‘माझे दंड बघ कसे दिसतात’. कपडा सुटला आणि अंग अडकलं. ही अदलाबदल आपोआप होत नाही. ती चार टप्प्यांत घडवली जाते आणि त्यातला प्रत्येक टप्पा आमच्या हातून जातो.

पहिला टप्पा सँपलचा. जाहिरातीसाठी कपड्याचा एकच नग शिवला जातो, तोही एकाच मापात. मॉडेल साधारण १७५ ते १८० सेंमी उंचीची, कंबर ६१ ते ६४ सेंमी. बाकीच्या साइझ या सँपलवरून ‘ग्रेड’ होतात, म्हणजे छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर) दर साइझला ४ ते ५ सेंमीनं वाढवत नेतात. दोन-तीन साइझपर्यंत हे चालून जातं. पुढे बिनसतं, कारण अंग असं सगळीकडून सारखं वाढत नाही. खांद्याचं हाड घेराच्या प्रमाणात रुंदावत नाही, त्यामुळे मोठ्या साइझमध्ये गळा सुटतो आणि खांदा दंडावर उतरतो. छातीला मात्र घेराबरोबर खोलीही लागते, म्हणजे टक (कापड चिमटून घातलेली निमुळती शिवण) मोठा हवा, कधी त्याची जागाच बदलायला हवी. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोलावा, नुसता खाली नेला तर हात वर करताच सगळा टॉप वर चढतो. यावर उपाय एकच: मोठ्या साइझसाठी पॅटर्नचा वेगळा ब्लॉक, म्हणजे मूळ साचा, काढून तो त्या मापाच्या जिवंत अंगावर तपासणं. तो खर्च वाचवला तरी कळत नाही, कारण त्या साइझचा फोटो काढायचाच नसतो.

दुसरा टप्पा पिनांचा. सँपल मॉडेललाही नीट बसत नाही, हे बाहेर फारसं ठाऊक नाही. पुढून सुरेख चापून बसलेल्या शर्टाच्या पाठीत कागदाच्या गठ्ठ्याला लावतात तसले चार-पाच चिमटे असतात. स्कर्टची कंबर मागून टाचलेली असते, गळा दुतर्फी टेपनं छातीला चिकटवलेला असतो, खांदा बसावा म्हणून आत पॅड असतात. मोठ्या साइझच्या मॉडेलचं याच्या उलट. चेहरा आणि मान सडपातळ हवी पण कपडा भरलेला दिसायला हवा, म्हणून सीटवर आणि छातीवर फोमचे पॅड बांधून वरून कपडा चढवतात. म्हणजे ‘सर्वसमावेशक’ म्हणून जे अंग दाखवता, तेही कित्येकदा अर्धं फोमचं असतं. पाठीमागून काढलेला फोटो कॅटलॉगमध्ये का सापडत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा चिमट्यांत आहे.

तिसरा टप्पा कॅमेऱ्याचा. गुडघ्याच्या उंचीवरून, जरा रुंद लेन्सनं फोटो काढला की पाय लांब दिसतात. वजन मागच्या पायावर, कंबर थोडी वळवलेली, हात अंगापासून सुटे, म्हणजे दंड दबून पसरत नाही आणि कंबरेशेजारी मोकळी जागा दिसते. यात गैर असं काही नाही. उभं राहायची प्रत्येकाची एक तऱ्हा असते. गैर एवढंच, की ती एकच तऱ्हा दाखवली जाते. कपडा घालणारी बाई दिवसातला मोठा वेळ बसलेली असते. बसल्यावर सीटचा घेर ३-४ सेंमीनं तरी वाढतो, पोटाला घडी पडते, जीन्सचा पट्टा मागून सुटतो आणि पुढून दुमडतो. बसलेल्या मॉडेलचा फोटो शोधून पाहा. सापडलाच तर ती उंच स्टुलाच्या कडेला टेकलेली असेल, पाय लांब सोडून, म्हणजे उभीच.

नुसत्या उजेडानंही पुष्कळ होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणानं झाराच्या दोन फोटोंवर बंदी घातली. मॉडेल रोगट बारीक भासतात, असा आक्षेप होता, आणि निकालात छायाप्रकाश, केस चापून मागे बांधणं, उभं राहण्याची ढब यांचा उल्लेख होता. तेव्हा ‘आम्ही रिटच (संगणकावर फोटोत फेरफार) करत नाही’ म्हणून हात वर करणाऱ्यांचीही सुटका नाही.

चौथा टप्पा संगणकावरचा, आणि इथे जरा थांबावं लागेल.

फोटोशॉपमध्ये लिक्विफाय नावाची सोय आहे. गोल ब्रश घ्यायचा, कंबरेच्या कडेवर ठेवायचा आणि आत ढकलायचा. पिठाचा गोळा अंगठ्यानं दाबावा तसं चित्र आत सरकतं. समजा कंबर पुढून २४ सेंमी रुंद आणि बाजूनं १८ सेंमी जाड आहे, म्हणजे घेर साधारण ६६ सेंमी. दोन्हीकडून फक्त दोन-दोन सेंमी आत ढकललं की तोच घेर ६० च्या आसपास दिसायला लागतो. एका मिनिटाच्या कामात मॉडेल एका साइझहून जास्त खाली उतरली. कपडा मात्र तोच.

कातडीची तऱ्हा वेगळी. फोटो दोन थरांत फोडतात. एका थरात रंग आणि सावल्या, दुसऱ्यात बारीक पोत: छिद्रं, लव, धागे. खालचा सावल्यांचा थर गुळगुळीत करायचा आणि वरचा पोत जसाच्या तसा ठेवायचा. याला फ्रीक्वेन्सी सेपरेशन म्हणतात. कातडीची छिद्रं दिसत राहतात, म्हणून बघणाऱ्याला शंका येत नाही. पण खालचा सगळा उंचसखलपणा गेलेला असतो. मांडी म्हणजे कातडी चढवलेला दंडगोल. पूर्वीचा प्लास्टिकसारखा चकचकीत रिटच निदान ओळखू तरी यायचा.

हे पकडायचं असेल तर चौकड्यांचा कपडा घातलेला फोटो घ्या आणि कंबरेपाशी नजर न्या. कापड अंगाभोवती वळतं तिथे, म्हणजे अगदी कडेला, चौकडी अरुंद दिसणारच. तो डोळ्याचा नियम आहे. कंबरेत टक असेल तर चौकड्या टकाच्या शिवणीत शिरून गायब होतात, पण ज्या दिसतात त्या चौकोनीच राहतात. पाठीत चिमटे लावले तर चौकड्या मागे सरकतात, आकार तोच. पण कडेपासून चांगल्या तीन-चार चौकड्या आत, पोटाच्या सपाट भागावरही चौकोनाचा उभा आयत झाला असेल, आणि छातीवर व सीटवर तीच चौकडी पुन्हा चौकोनी असेल, तर ते काम ब्रशचं. मागे दाराची चौकट किंवा फरशीची रेघ असेल तर तीही कंबरेजवळ हलकीशी आत वाकलेली सापडते. चौकटी वाकू नयेत म्हणून आता पार्श्वभूमी कोरी ठेवतात. चौकड्यांना पर्याय नाही, त्यांना हातानं सरळ करत बसावं लागतं, आणि घाईत ते राहून जातं.

आता आमच्या तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार ओढीबद्दल आहे. कपड्यावर दोन प्रकारच्या सुरकुत्या असतात. एक घडीची: पिशवीतून काढल्यावरची, वाफेच्या इस्त्रीनं जाणारी. ती फोटोत नसली तरी कुणाचं काही बिघडत नाही. दुसरी ओढीची, कापडाला अंगावर ताण बसल्यानं पडणारी. बेतणाऱ्याला ती अक्षरांसारखी वाचता येते. सीटवर आडव्या रेषा म्हणजे सीट कमी पडतेय. छातीपासून मुंढ्याकडे तिरक्या रेषा म्हणजे टक कमी. दोन बटणांमध्ये डोळ्यासारखी फट म्हणजे छातीला घेर अपुरा. पाठीत कंबरेच्या वर आडवा झोल म्हणजे पाठीची लांबी जास्त, किंवा सीट घट्ट असल्यानं कापड वर चढून बसलंय. गिऱ्हाइकाला ही भाषा नावानं येत नसेल, पण डोळ्याला कळते: इथे हा टॉप आवळणार. रिटचिंगमध्ये एकाच ब्रशनं दोन्ही पुसल्या जातात, घडीचीही आणि ओढीचीही. म्हणजे फोटोत कामाची जी एकमेव माहिती होती तीच गेली. मग कपडा घरी येतो, ओढ परत दिसायला लागते, आणि फोटोत नव्हती म्हणजे ती माझ्या अंगातूनच आली, असा हिशेब बाई करते. तो हिशेब चुकीचा आहे, पण तिच्यासमोर ठेवलेला पुरावा पाहता अगदी तर्कशुद्ध आहे.

दुसरी तक्रार तुलनेची. माणूस स्वतःला दुसऱ्याशी ताडून पाहतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरनं १९५४ साली मांडलं. त्याला तुम्ही जबाबदार नाही. पण ताडून पाहायला जे समोर ठेवता त्याला आहात. फिजीच्या नाड्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तोवर तिथे धष्टपुष्ट असणं हे घरच्यांनी नीट जपल्याचं लक्षण होतं. अ‍ॅन बेकर यांच्या पथकानं तिथल्या शाळकरी मुलींची टीव्ही येताच आणि मग १९९८ मध्ये पाहणी केली. खाण्याच्या विकारांच्या चाचणीत धोक्याच्या पट्टीवर गेलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजनासाठी मुद्दाम उलट्या काढणारी पहिल्या पाहणीत एकही नव्हती, दुसऱ्या पाहणीत ११.३ टक्के होत्या. तीन वर्षं, आणि तेही टीव्हीची. आज तुमचे फोटो उशाशी असतात.

तिसरी तक्रार मॉडेलच्या वतीनं. तिचं अंग फोटोत बदललं जातं आणि कित्येकदा तिला ते छापून आल्यावर कळतं. पुढच्या कामाला ती जाते तेव्हा समोरचा तिला त्याच फोटोशी ताडतो. २००९ मध्ये राल्फ लॉरेनच्या एका जाहिरातीत मॉडेलची कंबर तिच्या डोक्याहूनही अरुंद झाली होती. गाजावाजा झाल्यावर कंपनीनं चूक कबूल केली. ती चूक दिसली कारण ढोबळ होती. सफाईनं केलेल्या चुकीची कुणी माफी मागत नाही. उलट्या दिशेचा रिटचही होतो, तोही इथेच नोंदवतो: मॉडेल फारच कृश असली तर बरगड्या आणि गळ्याची हाडं बुजवली जातात. बघणाऱ्याला वाटतं, इतकं बारीक असूनही प्रकृती कशी ठणठणीत आहे!

चौथी तक्रार कपड्यांपुरती, आणि ती तुमच्या हिशेबवहीतही दिसत असणार. माप न बसल्यानं परत येणारा माल. त्यावर लांबलचक साइझ चार्ट हा उपाय नाही. चार्टमधली मापं बऱ्याचदा अंगाची असतात, कपड्याची नसतात, आणि दोन्हींतला मोकळेपणा सांगितलेला नसतो. छाती ९६ असलेल्या बाईनं ९६ चा टॉप घ्यायचा, की तयार टॉपची छाती १०२ आहे हे धरून घ्यायचा? विणीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला मोकळेपणा शून्य किंवा उणेही चालतो. न ताणणाऱ्या कापडाला ५ ते ८ सेंमी लागतो, नाहीतर श्वास घेतल्यावर बटण तुटतं.

तुमची उत्तरंही आम्हाला पाठ आहेत.

‘आम्ही फोटोखाली सूचना टाकू.’ हा मार्ग काही देशांनी कायद्यानं घेतला. इस्रायलनं २०१२ मध्ये कायदा केला: रिटच करून अंग बारीक केलं असेल तर जाहिरातीत तसं सांगायचं, आणि मॉडेलचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक) १८.५ च्या खाली नको, म्हणजे १७५ सेंमी उंचीला साधारण ५६.७ किलो वजन. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून अंगाचा आकार बदललेल्या जाहिरातीवर ‘रिटच केलेला फोटो’ असं लिहिणं बंधनकारक झालं. न लिहिल्यास ३७,५०० युरोपर्यंत किंवा जाहिरातीच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत दंड. नॉर्वेनं जुलै २०२२ पासून अंगाचा आकार, माप किंवा कातडी बदललेल्या जाहिरातींवर ठरावीक खूण सक्तीची केली. या कायद्यांचा आम्हाला आदर आहे, पण बाईच्या मनावरच्या परिणामाचं म्हणाल तर पाटीनं काम होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात मारिका टिगमन आणि सहकाऱ्यांनी हे पुन्हा पुन्हा तपासलं. सूचना वाचूनही स्वतःच्या अंगाबद्दलची नाराजी कमी झाली नाही. आणि ‘अमुक भाग बदलला आहे’ असं नेमकं लिहिलं, तर नजर नेमकी त्याच भागाकडे वळली. मांडी बदलली आहे असं सांगितलं की मांडीच बघितली जाते. स्वाभाविक आहे. तेव्हा पाटी लावून मोकळं होऊ नका. मुळात बदलूच नका.

‘बारीक मॉडेलमुळेच माल खपतो.’ ससेक्स विद्यापीठाच्या एमा हॅलिवेल आणि हेल्गा डिटमार यांनी २००४ मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं. सर्वसाधारण अंगाची पण आकर्षक मॉडेल वापरली तेव्हा जाहिरात तेवढीच परिणामकारक ठरली, आणि बारीक मॉडेल पाहून स्वतःच्या अंगाविषयी वाढणारी चिंता मात्र वाढली नाही. धंद्यातलं उदाहरण हवं असेल तर अमेरिकन ईगल कंपनीच्या एरी या ब्रँडनं २०१४ च्या सुरुवातीला मॉडेलचे फोटो रिटच करणं बंद केलं, तेही अंतर्वस्त्रांच्या जाहिरातींत, जिथे लपवायला कापडही नसतं. कंपनी बुडाली नाही. त्याच धोरणाची आजही ती जाहिरात करते.

‘तीन मॉडेल म्हणजे तिप्पट खर्च.’ तिप्पट होत नाही. खर्चाचा मोठा वाटा जागा, उजेड, माणसं आणि मांडणी यांचा असतो, आणि तो एकदाच होतो. प्रत्येक रंग तिन्ही अंगांवर दाखवायची गरज नाही. एक रंग तिघींवर, बाकीचे रंग सपाट अंथरून. शिवाय रिटचचे तास वाचतात, तो हिशेब तुम्ही कधी धरत नाही.

आता संगणकानं घडवलेल्या अंगांबद्दल. लीव्हायजनं २०२३ मध्ये कृत्रिम मॉडेल वापरून पाहणार असं जाहीर केलं, आणि कारण दिलं वैविध्याचं. टीका झाल्यावर सारवासारव करावी लागली. एचअँडएमनं २०२५ मध्ये ३० खऱ्या मॉडेलचे ‘डिजिटल जुळे’ बनवत असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी गेस या कपड्यांच्या ब्रँडची पूर्ण कृत्रिम मॉडेलची जाहिरात व्होग मासिकात छापून आली. आठवण म्हणून सांगतो, संगणकाचं अंग आणि त्यावर खऱ्या मॉडेलचं डोकं, हा प्रकार एचअँडएमनं २०११ मध्येच अंतर्वस्त्रांच्या कॅटलॉगमध्ये केला होता. सगळ्या बायका एकाच ढबीत उभ्या दिसल्या म्हणून तो उघडकीला आला.

आमचा आक्षेप यंत्राला नाही. आक्षेप असा की असल्या चित्रात कपडाच नसतो. सपाट अंथरलेल्या टॉपचा फोटो द्यायचा आणि यंत्रानं तो कुठल्याशा अंगावर चढवायचा. कापडाचं वजन किती, ते कोणत्या दिशेला ताणतं, उभा धागा कुठे आहे, टक किती खोल आहे, यातलं यंत्राला काही ठाऊक नसतं. ते अंदाज करतं. आणि अंदाजासाठी त्यानं शिकलंय ते आम्हीच गेली पंचवीस-तीस वर्षं ढकलून, पुसून दिलेल्या फोटोंवरून. मग त्याला ओढ कशी असते हे कुठून कळणार? मोठ्या साइझचं अंग मागा, तेही ते काढून देईल, आणि त्यावर टॉप तितकाच सुरेख बसेल. प्रत्यक्षात त्या साइझचा मुंढा चुकलेला असेल तरीही. पिना निदान खऱ्या कपड्याला तरी लागायच्या.

आमच्या मागण्या अशा:

१. मॉडेलच्या अंगाची बाह्यरेषा बदलायची नाही. कंबर, मांडी, दंड, मान, छाती, पायांची लांबी, काहीही. कमी नाही आणि जास्तही नाही. स्ट्रेच मार्क्स, वळ्या, व्रण, तीळ, लव, सेल्युलाइट तसंच राहील. चेहऱ्यावरची तात्पुरती पुळी काढायची की नाही हे मॉडेलनं ठरवावं.

२. चालेल ते असं: कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ, कपड्यावरचा सुटा धागा आणि तंतू, पार्श्वभूमी, आणि कपड्याचा रंग खऱ्या कापडाशी जुळवणं. हे शेवटचं काम तर आवर्जून करा. त्यात हल्ली हयगय होते. घडीची सुरकुती शूटच्या आधी वाफेनं काढा. फोटोतली ओढ पुसू नका.

३. प्रत्येक कपडा किमान तीन अंगांवर: साइझच्या रांगेतली खालून दुसरी, मधली आणि वरून दुसरी. तिन्ही एकाच पानावर, एकाच उजेडात, त्याच दर्जानं. मोठ्या साइझसाठी वेगळा कोपरा नको. पॅड नकोत.

४. प्रत्येकीचे चार फोटो: पुढून, पाठीमागून, बसलेली, आणि एक हात डोक्यावर नेलेली. पाठीमागच्या फोटोत पिना दिसत असतील तर तो कपडा विकायला अजून तयार नाही, असं समजा.

५. कॅमेरा कंबरेच्या उंचीवर, ८५ मिमी लेन्स, साडेचार ते पाच मीटर अंतर, जमिनीवर टेपची खूण. तिन्ही मॉडेलसाठी तेच.

६. फोटोखाली मॉडेलची उंची, छाती, कंबर, सीट सेंमीमध्ये आणि तिनं घातलेली साइझ. नुसतं ‘मॉडेलनं एस घातला आहे’ याला अर्थ नाही. सोबत तयार कपड्याची मापं, साइझवार, आणि कापड ताणतं की नाही.

७. अंगावर घातलेला कपडा म्हणून कृत्रिम चित्र वापरायचं नाही. एरीनं २०२५ मध्ये हे जाहीर केलं आहे, तेव्हा अशक्य म्हणू नका.

८. करारात दोन कलमं घाला. मॉडेलला अंतिम फोटो प्रसिद्धीआधी पाहण्याचा हक्क. आणि अंग बदलायला सांगितलं तर नकार देण्याची, पैसे न कापता, रिटचरला मुभा.

९. हे वर्षभराच्या कॅटलॉगला लागू. महिला दिनाच्या आठवड्यात चार वळ्या दाखवून उरलेले एकावन्न आठवडे ब्रश फिरवायचा, असं नको.

यातलं एक ते सात करायला कायदा लागत नाही. फोटो पुरवणाऱ्या गेटी इमेजेस या कंपनीनं १ ऑक्टोबर २०१७ पासून, म्हणजे फ्रान्सचा नियम लागू झाला त्याच दिवसापासून, मॉडेलचा आकार बारीक किंवा जाड केलेले फोटो आपल्या व्यावसायिक संग्रहात घेणं थांबवलं. एक ओळीचा नियम होता, पुरवठादारांना पत्र गेलं, आणि अंमल सुरू झाला. (नाक आणि केसांचा रंग बदलायला त्यांनी सूट ठेवली, ती आम्हाला पटलेली नाही. पण ते असो.)

सुरुवातीलाच सगळा कॅटलॉग बदला असं आम्ही म्हणत नाही. पुढच्या शूटमधला एक कपडा घ्या, शक्यतो चौकड्यांचा, न ताणणाऱ्या कापडाचा. तो मागण्या १ ते ६ प्रमाणे दाखवा आणि त्याच धाटणीचा दुसरा नेहमीच्या पद्धतीनं. तीन महिने दोन्ही विका. दोन्हींचा परतीचा आकडा आणि परतीची कारणं बाजूबाजूला मांडून जाहीर करा. साइझवार मांडा, सरासरीत मोठ्या साइझ बुडून जातात. मधल्या आणि मोठ्या साइझमध्ये ओढीच्या रेषा ज्या जागी दिसतील, त्यांची यादी पॅटर्न विभागाकडे पाठवा. त्या कशा काढायच्या हे तिथल्या माणसांना ब्रशविना जमतं.

उत्तराची वाट पाहतो आहोत. ते जाहीरच द्यावं.

कळावे,

कपडे बेतणारे, शिवणारे, शूटवर चढवणारे, फोटो काढणारे आणि ते साफ करणारे